जिन्याखालचं ‘ठीक आहे’

माझ्या धाकट्या भावाला आमच्या गल्लीत सगळे भोंगा म्हणतात. टोपणनावं ठेवण्यात आमच्या गल्लीचा हात कुणी धरू शकत नाही, पण या वेळी त्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बसवायचे, ते वर्षानुवर्षं सांभाळायचे आणि दर फेरीला एकदा वाजवून बघायचे, हा ज्याचा धंदा त्याला दुसरं काय म्हणणार? तो स्वतःही फोन उचलून ‘बोला, भोंगा बोलतोय’ असंच म्हणायचा. मला राग यायचा. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव असताना माणसानं भोंगा म्हणवून घ्यावं? पण माझं त्याला जन्मात कधी पटलं नाही, तर हे कुठून पटणार.

अलार्म म्हणजे तळहाताएवढी पांढरी डबी. दिसायला काही नाही, भिंतीवर टांगली की आठवड्याभरात माणूस विसरून जातो. पण तिचं काम काय, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी शिलाई मशीन चालवता चालवता म्हणून दाखवीन. गॅसचा गिझर, हीटर, शेगडी, जे काही जळतं आणि ज्याला पुरती हवा मिळत नाही, तिथे हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि माणूस म्हणतो, जरा पडतो. मग तो उठत नाही. म्हणून अलार्म.

आणि तो लावायचा कुठे, यावरून त्याची लोकांशी रोज हुज्जत. गिझरच्या डोक्यावर नको, पेटताना सगळेच गिझर जरासा धूर सोडतात. न्हाणीघरात नको, वाफेनं खराब होतो. खिडकीला लागून नको, वाऱ्यात त्याला काही कळत नाही. पडद्यामागे तर नकोच नको. लोक नेमकं हेच करायचे. एका बाईंना तो दिवाणखान्यात शोभत नव्हता म्हणून त्यांनी कपाटात ठेवला होता. एकानं भिंतीबरोबर त्यालाही पिस्ता रंग दिला होता, छिद्रांसकट. एका घरी हिरवा दिवा लागत नव्हता, उघडून बघितलं तर आत सेल नाहीत. ‘रिमोटला हवे होते,’ म्हणाले. भोंगा घरी येऊन कपाळावर हात मारायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

त्याचे अलार्म बिनतारी होते. म्हणजे एका घरातल्या सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. दोघांची बटणं दाबून धरायची, दोन्ही दिवे बरोबर लुकलुकले की ओळख झाली. मग एकाला वायू लागला की सगळे ओरडतात. ‘सासुरवाडीसारखं आहे,’ तो गिऱ्हाइकाला समजावायचा, ‘एकाच्या कानात सांगा, सगळ्यांना कळतं.’ हे तो मुद्दाम बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचा आणि वरून तिचा लाटणं आपटल्याचा आवाज यायचा.

माझी भावजय वर राहायची असं मी म्हणते, कारण त्यांचं घर तसंच होतं. खाली दुकान, दुकानाच्या मागून एक अरुंद जिना, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. तो दिवसभर खाली, ती दिवसभर वर. ठेंगणी, चटपटीत बाई. आवाज मात्र खणखणीत. आणि त्या आवाजाला त्यानं कामाला लावलं होतं. दुकानात नवे अलार्म आले की त्यांची ओळख जमली आहे ना आणि भिंती ओलांडून ती पोचते ना, हे बघायला तो जोडीतला एक वर नेऊन ठेवायचा. मग खाली येऊन हातातल्याचं बटण दाबायचा. वरचा वाजला की नाही हे खाली कळायचं कसं? तर ती जिन्याच्या तोंडाशी यायची, कठड्याला धरून वाकायची आणि ओरडायची, ‘वाजलाऽ!’ खालून तो म्हणायचा, ‘ठीक आहेऽ!’ की ती परत आपल्या कामाला.

हे दिवसातून कितीदा चालायचं याला सुमार नाही. कणीक मळताना, केस विंचरताना, माझ्याशी फोनवर बोलताना. ‘ताई, एक मिनिट हं,’ म्हणायची, फोन ठेवायची, लांबून ‘वाजलाऽ!’ ऐकू यायचं, खालून बारीकसं ‘ठीक आहेऽ’, की लगेच, ‘हं, बोला.’ मी एकदा वैतागून म्हटलं, ‘अगं, तुमच्या घरात माणसं राहतात की कोंबडे?’ ती हसत सुटली. म्हणाली, ‘ताई, आमचं दिवसभराचं बोलणं तेवढंच असतं. तेही बंद केलं तर नवराबायको म्हणून उरणार काय?’

त्यांच्या स्वतःच्या घरात तीन अलार्म होते. एक दुकानात, एक झोपायच्या खोलीत आणि एक वर न्हाणीघराबाहेरच्या बोळात. या अलार्मना वय असतं. सेल नवे घातले तरी आतला वास घेणारा भाग काही वर्षांनी मरतो आणि मग ते थांबून थांबून एकेकदा बारीक चिवचिव करतात. बोळातला तसा चिवचिवायला लागला होता. लोकांचे वेळेवर बदलणाऱ्या माणसानं घरचा बदलायला टाळाटाळ केली असेल असं वाटेल, पण नाही. चिवचिव सुरू झाली त्याच आठवड्यात त्यानं नवा बसवला. त्या सकाळीच बसवला. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर गल्लीत लोक भलतंसलतं बोलत होते.

नवा लावून, बाकी दोघांशी त्याची ओळख करून देऊन तो खाली जाता जाता म्हणाला, ‘वेळ मिळाला की बटण दाबून बघ. आणि दाबलंस की हाक मार.’

‘धुणं आटपलं की दाबते,’ ती म्हणाली. थंडीच्या घोंगड्या आणि चादरी धुवायला काढल्या होत्या. गिझर सारखा चालू ठेवावा लागणार होता. मग म्हणाली, ‘कालपासून या रंगाच्या वासानं डोकं उठलंय हो.’ शेजारच्या इमारतीला रंग द्यायचं काम चाललं होतं.

‘मग खिडक्या लावून घे ना,’ तो म्हणाला आणि खाली गेला. तिनं खिडक्या लावून घेतल्या.

शेजारच्या परांचीवरच्या रंगाऱ्यानं त्याच सकाळी एक चांगुलपणा केला. आपला रंग या लोकांच्या भिंतीवर उडू नये म्हणून त्यानं प्लास्टिकची मोठी ताडपत्री मधे बांधली आणि ती भिंतीला घट्ट चिकटवून घेतली. तिच्या मागे गिझरचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचं तोंड होतं. ते त्याला काय माहीत? धूर बाहेर जायचा तो परत आत वळला.

दुकानात तेव्हा एक शिक्षिकाबाई आल्या होत्या. त्यांचा अलार्म वर्षभर खोक्यातच होता, कुठे लावायचा हे विचारायला तो खोक्यासकट घेऊन आल्या होत्या. भोंगा त्यांना त्याचं नेहमीचं प्रवचन देत होता. तेवढ्यात दुकानाच्या भिंतीवरचा अलार्म वाजायला लागला. चार शिट्ट्या, जरा दम, पुन्हा चार शिट्ट्या. बाई दचकल्या. आणि वरून जिन्याच्या तोंडाशी माझ्या भावजयीचा खणखणीत आवाज आला, ‘वाजलाऽ!’

तिला वाटलं, यानं खालून बटण दाबलं. याला वाटलं, तिनं सकाळी सांगितल्याप्रमाणे वरून दाबलं.

‘ठीक आहेऽ!’ तो म्हणाला. हात वर करून त्यानं दुकानातला अलार्म गप्प केला आणि शिक्षिकाबाईंना म्हणाला, ‘बघा, ही अशी सवय लावायची घरात.’

बाईंना कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, ‘वरचा अजून वाजतोय वाटतं.’

‘मला नीट ऐकू यावा म्हणून वाजू देते ती,’ तो म्हणाला. पुढचं सगळं त्यानं त्यांना सांगितलं. भिंतीवर नाकाच्या उंचीला लावा, महिन्यातून एकदा फडक्यानं धूळ पुसा, फवारा मारू नका. बटण दाबलं तर तो थोडा वेळ वाजून आपोआप थांबतो. आपोआप थांबला नाही तर विचार करत बसू नका, दार उघडून बाहेर पडा. हे वाक्य त्याच्याच तोंडून निघालं आणि त्याच्याच कानात शिरलं. शिक्षिकाबाईंना समोर तसंच उभं ठेवून तो जिन्यावर धावला.

ती बोळात, न्हाणीघराच्या दाराशी पडली होती. एक ओली घोंगडी तिच्या पायांवर होती आणि वर भिंतीवर तो नवा अलार्म ओरडत होता. त्यानं तिला उचलून जिन्यावरून खाली रस्त्यावर आणलं, तिथून पुढचं गल्लीनं पाहिलं. मी पोचले तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं आणि हा फुटपाथवर बसला होता. नुसतं एवढंच म्हणत होता, ‘ताई, तो वाजला होता. त्यानं त्याचं काम केलं.’

ती वाचली. लोक आम्हाला म्हणाले, नशीब. मीही म्हटलं. ऑक्सिजन लावला होता, दोन दिवसांनी ती उठून बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ताई, घोंगड्या तशाच राहिल्या का हो?’ मी रडले, हसले, तिला चिमटा काढला. ती चालत घरी आली. तिनं स्वयंपाक केला. भोंग्यानं तो गिझर त्याच आठवड्यात उखडून भंगारात दिला, चुलीपर्यंत सगळं विजेवर करून टाकलं.

आणि मग काही आठवड्यांनी ती सुटत गेली. याहून बरा शब्द मला सापडत नाही. शिवण एका टोकाला उसवली की कपडा हळूहळू सगळाच सुटतो ना, तशी. आधी चहात मीठ पडायला लागलं. मग केस विंचरायचं राहायला लागलं. मला ‘ताई’ म्हणायची ती नुसतीच बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, या वायूचं कधीकधी असं होतं, माणूस बरा होतो आणि मेंदूत उशिरा उमटतं. काही जण परत सुधारतात. आम्ही वाट बघितली. ही सुधारली नाही. एकेक शब्द गेला, नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची तेही गेलं. शेवटी एकच राहिला. कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल झाली, रस्त्यावर गाडीनं हॉर्न दिला, की ती मान वर करायची आणि म्हणायची, ‘वाजला.’ आणि उत्तराची वाट बघायची. ‘ठीक आहे’ म्हटलं की निवांत व्हायची. ते म्हटलं नाही तर हातांची बोटं एकमेकांत पिळत बसायची.

तो रंगारी एकदा आला. दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला, डोळ्याला डोळा देईना. माझ्या भावानं त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, ‘तुला कोण सांगणार होतं’ म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला त्या माणसाला धरून गदागदा हलवायचं होतं. पण तोही रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाला काय हलवायचं.

त्यांची मुलगी दूर, दुसऱ्या शहरात नोकरीला. ती आली आणि आईची दशा बघून संतापली. चिडली की ती थेट माझ्यासारखी होते. म्हणाली, ‘बाबा, तुम्ही खाली दुकानात, नाहीतर लोकांच्या घरी भिंतींना भोकं पाडत. आई वर एकटी. उद्या आग लागली, काही झालं, अलार्म वाजला, तर ती काय करणार? बसल्या जागी वाजला म्हणणार? मी तिला घेऊन जाते.’

तिचं चुकीचं नव्हतं. मी सकाळी वर बसायची, पण माझं शिवणकाम आहे आणि माझे गुडघे तो जिना रोज रोज सोसत नव्हते. भोंग्यानं बायकोला खाली दुकानात आणून बसवून पाहिलं. तिथे दिवसभर कुठला ना कुठला अलार्म वाजायचा, प्रत्येक वेळी ही उभी राहून हाक मारायची आणि संध्याकाळपर्यंत दमून थरथरायची.

भोंगा मुलीला म्हणाला, ‘मी शिकवतो तिला. वाजला की उठायचं, जिना उतरायचं, रस्त्यावर जायचं. एवढंच शिकवतो. लोकांना शिकवत आलो, तिलाही शिकवीन. शिकली तर राहू दे तिला इथे.’

मुलगी म्हणाली, ‘मी परत येईन तेव्हा बघू. कुणी हात न धरता आई रस्त्यावर आली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आली, तर तुम्ही काढायचा नाही.’

‘कबूल,’ तो म्हणाला.

माझ्या भावात चिकाटी आहे असं मला लहानपणापासून कधी वाटलं नव्हतं. शाळा अर्धी सोडली, रेडिओ दुरुस्ती अर्धी शिकला. पण त्या दिवसांत तो ज्या नेटानं मागे लागला, ते बघून मला भीती वाटायची. तिच्या शेजारी बसायचा, हातातल्या अलार्मचं बटण दाबायचा. ती म्हणायची, ‘वाजला.’ तो उत्तर द्यायचा नाही. तिचा हात धरून उठवायचा, बोळातून, जिन्यावरून, दुकानातून, थेट रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबापर्यंत न्यायचा. तिथे तिला बिस्कीट द्यायचा. ती बिस्कीट खायची. मग परत वर. पुन्हा बटण. जेवणाआधी, जेवणानंतर, पावसात छत्री धरून. ‘लहान पोरालाही इतकं दमवत नाहीत रे,’ मी म्हटलं. ‘तू तुझं मशीन बघ,’ म्हणाला.

आणि एक दिवस फोन आला, आवाज चिरकलेला. ‘ताई, उठली! मी हात लावायच्या आत उठली! तू ये, तू बघ.’ मी गुडघ्यांना शिव्या देत गेले. खरंच उठली. तो नुसता मागे उभा होता, पाठीला एक बोट टेकवून. ती बोळातून चालत जिन्यापर्यंत गेली, कठडा धरला, तो मागून ‘चल, चल’ म्हणाला आणि ती उतरली. खांबापाशी जाऊन तिनं स्वतःहून हात पुढे केला, बिस्किटासाठी. भर रस्त्यात माझा भाऊ हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला डॉक्टर आठवत होते, त्यांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. मी आशा धरली. न धरून करणार काय?

मुलगी आली. ठरलं असं की मी आणि ती वर खोलीत कोपऱ्यात गप्प बसायचं आणि भोंग्यानं खाली दुकानात असायचं, कारण एरवी दिवसभर तो खालीच असतो. हे बरोबरच होतं. पण शिकवताना तो कायम वर, तिच्या मागे उभा असायचा, हे तेव्हा आमच्या तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

भावजय पलंगावर बसली होती. मी तिला निळं पातळ नेसवलं होतं, केस विंचरले होते. खाली त्यानं बटण दाबलं. खोलीतला वाजला, बोळातला वाजला, दुकानातला वाजला. चार शिट्ट्या, जरा दम, चार शिट्ट्या.

ती उठली.

पोरीनं माझा हात पकडला. भावजय चालायला लागली, उघड्या दारातून आम्हाला थेट जिन्यापर्यंत दिसत होतं. उंबरा ओलांडला, बोळात गेली, न्हाणीघरासमोरून पुढे गेली, जिन्याच्या तोंडाशी पोचली. तिनं कठडा धरला. मी मनात म्हणत होते, उतर बाई, एक पाऊल खाली टाक, मी जन्मभर तुझी चेष्टा करणार नाही.

ती कठड्यावरून वाकली आणि ओरडली, ‘वाजलाऽ!’

तो जुना आवाज होता. पूर्ण, खणखणीत. आजारपणात कुठे दडला होता कोण जाणे. ओरडून ती थांबली, मान जराशी वाकडी करून, कान खाली लावून.

खालून उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. अलार्म आपोआप थांबले, घर गप्प झालं, ती तशीच वाकलेली. पुन्हा हाक मारली. आता त्या आवाजात रडं मिसळायला लागलं होतं. तिचा एक पाय दुसऱ्यावर घासत होता. तिनं वळून आमच्याकडे पाहिलं, पण आम्ही तिला दिसलो नाही. पोर माझ्या कानाशी पुटपुटत होती, ‘उतर ना, आई, उतर ना.’ भावजयीनं पुन्हा खाली तोंड केलं आणि हाक मारली, गर्दीत हात सुटलेलं मूल मारतं तशी.

मग खालून आवाज आला. फाटका, बारीक.

‘ठीक आहे.’

तिचे खांदे खाली आले. तिनं मोठा श्वास सोडला, कठडा सोडला, वळली, बोळातून परत आत आली, आमच्या समोरून गेली आणि पलंगावर आपल्या जागी बसली. पातळ गुडघ्यांवर नीट केलं. तिचा चेहरा इतका समाधानी होता की मला तिच्याकडे बघवेना.

पोर तीरासारखी खाली धावली. मी कशीबशी मागून उतरले. तो जिन्याच्या तळाशी उभा होता, शर्टाची बाही दातांत धरून चावलेली, हातात अजून अलार्म.

‘का बोललात, बाबा?’ पोर ओरडली. ‘थोडं थांबला असतात तर उतरली असती ती! का बोललात?’

‘नसती उतरली.’

‘तुम्हाला काय माहीत?’

‘मी म्हणेपर्यंत ती तिथेच थांबली असती. तिला दुसरं काही ठाऊकच नाही.’ तो जिन्याच्या वरच्या तोंडाकडे बघत होता. तिथे दुकानाच्या दारातून आलेली हवा वरपर्यंत जाते, उन्हाळ्यात भावजय भाजी निवडायला तिथेच बसायची. ‘त्या दिवशीही ती तिथपर्यंत आली होती ना. तिथे हवा मोकळी आहे. तिथे ती वाचली होती. आणि मी खालून म्हटलं, ठीक आहे. म्हणून ती परत आत गेली. माझ्या शब्दावर गेली.’

इतके महिने त्यानं प्लास्टिकचा विचार केला होता, खिडक्यांचा केला होता, गप्प केलेल्या अलार्मचा केला होता. हा विचार त्याच्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा आला, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं. पोरीनंही पाहिलं. तिचा सगळा राग उतरला. तिनं बापाच्या हातातून अलार्म काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. त्याला जवळ घ्यावं की नाही ते तिला कळेना आणि मलाही कळेना. खोटं सांत्वन करायला माझी जीभ एरवी चुरूचुरू चालते. त्या दिवशी चालली नाही. कारण तो बोलला ते खरं होतं.

दोन दिवसांनी मुलगी आईला घेऊन गेली. कबूल केल्याप्रमाणे त्यानं विषय काढला नाही. गाडीचं दार लागलं, हॉर्न वाजला, आतून ती म्हणाली, ‘वाजला.’ गाडी वळणावरून गेली तरी हा रस्त्याच्या मधोमध उभा, तोंड घट्ट मिटून. मुलीनं जाताना त्याला एकच गोष्ट बजावली होती. ‘बाबा, तो शब्द आता बंद. तिला नव्यानं काही शिकवायचं तर ते आधी विसरायला हवं.’

धंदा त्यानं सोडला नाही. मला वाटलं होतं, सोडेल. अजूनही पिशवी खांद्याला लावून घरोघरी जातो, पडद्यामागचे अलार्म पुढे आणतो, रिमोटमधले सेल काढून परत घालतो. थट्टा मात्र करत नाही. सासुरवाडीचा विनोद गेला. जाताना प्रत्येक घरी एक जास्तीचं सांगतो, आणि लोकांना ते विचित्र वाटतं. ‘वाजला तर एकमेकांना हाका मारू नका. कुणी हाक मारली तर उत्तर देऊ नका. आधी बाहेर या. मग बोला.’

मी रोज दुपारी त्याला डबा नेऊन देते. परवा गेले तेव्हा तो नव्या जोडीतला एक वर ठेवून आला होता. खाली येऊन त्यानं बटण दाबलं. वरचा वाजला, मला चांगला ऐकू आला. वर कुणी नाही, घर रिकामं, त्यामुळे जास्तच ऐकू आला. तरी तो जिन्याखाली जाऊन मान वर करून उभा राहिला. मला म्हणायचं होतं, वाजला रे, मी ऐकलं. पण मला ते म्हणवेना. मी डबा उघडत बसले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला, त्याला एका कानानं नीट ऐकू येत नाही, त्या शिट्ट्यांनी तो घालवला आहे. पोर दमलेली वाटत होती.

‘बाबा, इथे बेल वाजली की आई दाराशी जाऊन उभी राहते आणि ते म्हणते. कुणी उत्तर दिलं नाही तर हलत नाही. जेवायलाही येत नाही. काल किती वेळ उभी होती. आता मीच म्हणते. ठीक आहे. पण माझं तिला ऐकू गेल्यासारखं वाटत नाही.’

त्यानं डोळे मिटले. जिन्याच्या कठड्याला हात लावला.

‘लांबून म्हण,’ तो म्हणाला. ‘तू जवळ उभी राहून म्हणत असशील. दुसऱ्या खोलीत जा आणि जरा मोठ्यानं म्हण. जिन्याखालून म्हटल्यासारखं.’